लवकर की शेवटपर्यंत?

क्लेम फेल्डकँपच्या अंगात नारिंगी जाकीट असतं, हातात नारिंगी झेंडा असतो आणि थाट असा की जणू विमानच उतरवतोय. सामन्याच्या दिवशी चर्चच्या आवारात गाड्या लावू देतात, तिथला सगळा कारभार त्याच्याकडे. आवार नदीच्या अलीकडे, आमच्या केंटकीच्या बाजूला. गाडी इथे लावायची आणि जांभळ्या पुलावरून चालत गेलं की समोर सिनसिनाटीचं बेसबॉलचं मैदान. मैदानालगत गाडी घालणारे शहाणे लोक सामना संपल्यावर तासभर एकमेकांचे मागचे दिवे बघत बसतात. त्यांना तेच आवडत असेल तर माझं काही म्हणणं नाही.

क्लेमचा प्रश्न एकच असतो : "लवकर की शेवटपर्यंत?" लवकर निघणाऱ्यांना तो फाटकाजवळची मोकळी रांग देतो. शेवटपर्यंत थांबणाऱ्यांच्या गाड्या आत भिंतीपासून एकीपुढे एक खेटून लावतो. मग पुढचे सगळे निघेपर्यंत भिंतीजवळच्याची सुटका नाही.

बावीस वर्षं या प्रश्नाचं उत्तर माझ्या बायकोनं, डोलोरेसनं दिलं. गाडी मी चालवायचो, पण क्लेम वाकायचा तिच्या खिडकीशी. घरात कुणाचं चालतं हे त्यानं पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. ती म्हणायची, "लवकर." सामना नऊ डावांचा, आणि सातव्या डावाच्या मध्यावर सगळं मैदान उभं राहून गाणं म्हणतं. ते संपलं की हिनं पिशवी उचललीच. गुडघे दुखतात, पुलावर गर्दी होते, चला. उरलेला सामना गाडीतल्या रेडिओवर. बेसबॉलमधलं तिला ओ का ठो कळायचं नाही, त्यामुळे रेडिओवाला काय म्हणाला ते मलाच फोड करून सांगावं लागायचं. ती आपली शेंगदाणे सोलत "मग?" म्हणायची. असं घरापर्यंत.

एकदा आम्ही पुलाच्या मध्यावर असताना मागे असा गलका झाला की पायाखालचा पूल थरथरला. आमच्या संघाच्या पोरांनी शेवटच्या फटक्यावर सामना जिंकला होता, आणि मी त्याच्याकडे पाठ करून चालत होतो. मी भडकलो. म्हणालो, "एक दिवस मी एकटा येईन आणि शेवटपर्यंत बघेन." गाडीत बसल्यावर तिनंच हात पुढे करून रेडिओ लावला.

डोलोरेस फेब्रुवारीत गेली. बुधवारच्या या दुपारच्या सामन्याची दोन तिकिटं तिनं नाताळातच काढून ठेवली होती. मुलगी फोनवर म्हणाली, कुणाला तरी बरोबर घेऊन जा. मी कुणाला विचारलं नाही. एकटा येईन म्हणालो होतो, आता यायलाच हवं होतं.

क्लेम सवयीनं तिच्याच खिडकीशी वाकला. सीटवर नुसती शेंगदाण्यांची पिशवी होती.

"मालकीणबाई कुठायत?"

"बहिणीकडे गेलीय," मी म्हणालो. बँकेत, पेन्शनवाल्यांना, दाताच्या डॉक्टरकडे, सगळीकडे माझं खरं सांगून झालं होतं. ती अजून जिवंत होती अशी ही एकच जागा उरली होती, आणि ती माझ्यानं सोडवली नाही.

क्लेम म्हणाला, मग आज तूच राजा, बोल. मी म्हणालो, शेवटपर्यंत. त्यानं भुवया उडवल्या आणि मला थेट भिंतीला नेऊन लावलं.

मैदानात ऊन छान होतं. एका पोरानं बाजूची खुर्ची रिकामी आहे का विचारलं, मी नाही म्हणालो. आमचे लोक दोन धावांनी मागे होते. मी सगळं नीट पाहत होतो, एकही चेंडू सोडला नाही. सातव्या डावाच्या मध्यावर सगळ्यांबरोबर उभा राहिलो, गाणं म्हटलं. गाणं संपलं तशी पिशवी उचलली आणि चालायला लागलो.

पुलाच्या मध्यावर आलो तेव्हा लक्षात आलं की मागे गुडघ्यांची कुरकुर ऐकू येत नाहीये. एकदा बाहेर पडलं की त्याच तिकिटावर परत आत घेत नाहीत. बावीस वर्षं ज्या गोष्टीसाठी तिला बोल लावला, ती आज मी माझ्या पायांनी घालवली होती. मी कठडा धरून बराच वेळ तसाच उभा राहिलो.

आवारात क्लेम सँडविच खात बसला होता. मला बघून तो हसायला लागला. शेवटपर्यंत म्हणालास ना रे बाबा, आता बस, म्हणाला. माझ्या गाडीपुढे गाड्यांची ही रांग. मी आत बसून रेडिओ लावला. माझा चेहरा त्याला बरा दिसला नसावा, कारण तो मागोमाग आला आणि पुन्हा तिच्याच खिडकीशी वाकला. मी काच खाली केली.

"क्लेम, ती बहिणीकडे नाहीये. फेब्रुवारीतच गेली."

त्यानं टोपी काढली. रेडिओवर आठवा डाव चालू होता. तो संपेपर्यंत क्लेम खिडकीशीच थांबला.

"एकदा तू गाडीपाशी नसताना मी तिला विचारलं होतं," तो म्हणाला. "म्हटलं, एवढी घाई कसली, बिचाऱ्याला शेवट बघू दे की."

"तिचे गुडघे दुखायचे," मी म्हणालो.

"गुडघ्यांचं तर नावही काढलं नाही तिनं. म्हणाली, हा घरी तोंड उघडत नाही, मैदानात तर नाहीच नाही. पण गाडीत रेडिओ लागला की घर येईपर्यंत माझ्याशी बोलतो. म्हणाली, मी तेवढ्यासाठीच येते."

पलीकडे सामना संपला. आम्ही हरलो. माणसं पुलावरून आली, एकेक गाडी निघत गेली, आणि माझ्या पुढचा रस्ता मोकळा झाला. फाटकाशी क्लेम झेंडा हलवत होता. मी रेडिओ बंद केला आणि बाजूच्या सीटकडे वळलो.

"पहिल्या डावात," मी म्हणालो, आणि थांबलो. इथे ती "मग?" म्हणायची.