मुलाचा आवाज सोडून

"लाल पिन लाल भोकात, आई. पांढरी पांढऱ्यात. एवढं तरी जमेल ना?"

टेलरबाई कपाटामागच्या फटीत अर्धी शिरली होती. एका हातात वायर, दुसऱ्या हातात मोबाइल आणि मोबाइलमध्ये मुलाचं तोंड. जिचं उभं आयुष्य सुईत दोरा ओवण्यात गेलं तिला हा विचारतोय, जमेल ना. तिने पिन खुपसली. जुन्या म्युझिक सिस्टिमच्या दोन्ही खोक्यांतून आधी खरखर आली आणि मग भसकन गाणं बाहेर पडलं.

पलंगावरचा ड्रायव्हर लहान पोरासारखा हसला.

ड्रायव्हर म्हणजे तिचा नवरा. बस सोडून जमाना झाला, तरी गल्ली त्याला ड्रायव्हर म्हणायची आणि तीही तेच म्हणायची. न्हाणीघरात घसरून त्याचं खुब्याचं हाड मोडलं होतं. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, ऑपरेशन लवकर करून टाका, या वयात माणूस आडवा पडून राहिला की छाती भरते. पण ड्रायव्हर अडून बसला. मुलगा आल्याशिवाय अंगाला सुरी लावू देणार नाही म्हणाला आणि पायाला वजन बांधून घेऊन घरी येऊन पडला. मुलगा दूरच्या शहरात, मोठ्या कंपनीत. रोज फोनवर सांगायचा, रजेचं बघतोय, आलोच. आला मात्र तो नाही, हा डबा आला.

साबणाच्या वडीएवढा डबा. मुलाने तिकडे आपल्या कॉम्प्युटरवर गाणं लावायचं, ते याच्यातून इकडे हॉलमध्ये वाजायचं. त्याच्या कानातही त्या वेळी तेच गाणं. म्हणजे आपण तिघं एकत्रच बसलोय असं समजायचं, असं त्याने बापाला समजावलं. बापाने समजून घेतलं. बापांना काहीही समजावता येतं.

पण उत्साहाच्या भरात मुलाने एक घोळ घातला. नुसती गाणी पाठवायची सोडून त्याने कॉम्प्युटरचा सगळाच आवाज घराकडे वळवला आणि विसरून गेला. दुसऱ्या दिवशी टेलरबाई एका मुलीच्या गणवेशाचं माप घेत होती. गाणं संपलं आणि खोक्यातून एक पुरुष खाकरला. मुलीने दचकून अंग चोरलं. पाठोपाठ आणखी चारपाच जण बोलू लागले, कुणी फाइल मागत होतं, कुणी नेटच्या नावाने बोटं मोडत होतं. मुलाच्या ऑफिसची मीटिंग तिच्या हॉलमध्ये भरली होती.

आणि त्यात मुलाचा आवाज तेवढा नव्हता. त्याच्याशी बोलणारे सगळे कॉम्प्युटरातून बोलायचे, ते ऐकू यायचे. तो स्वतःच्या तोंडाने बोलायचा, ते तिकडेच राहायचं. कुणीतरी त्याला काही विचारायचं, मग नुसती शांतता, मग पुन्हा दुसऱ्याचं बोलणं. मुलाच्या जागी भोक.

ड्रायव्हरला हे गाण्यांपेक्षा आवडलं. तो ती भोकं स्वतः भरायचा. मुलाच्या साहेबीणबाई विचारायच्या, काम कुठवर आलं? ड्रायव्हर छताकडे बघत उत्तर द्यायचा, "झालंच मॅडम, शेवटचा हात फिरवतोय." टेलरबाई टीप मारता मारता म्हणायची, थापा मारायची विद्या बापाचीच दिसते. तो पडल्यापासून पहिल्यांदाच दोघं मिळून हसत होती. मुलाला कळवायला हवं, असं ती एकदा म्हणाली. ड्रायव्हरने हात जोडले. कळलं की तो बंद करील, म्हणाला, आणि मग मी दिवसभर काय ऐकू, तुझं मशीन?

एका सकाळी मीटिंग संपली. बाकीचे गेले, साहेबीणबाई मागे थांबल्या.

"अरे, वडिलांचं काय झालं? मी तर तेव्हाच म्हटलं होतं जा म्हणून. पाहिजे तेवढी रजा घे."

शांतता. ड्रायव्हरने ती भरली नाही. त्याने मान उचलली होती.

"अच्छा, चालायला लागले? वा, छानच झालं. मग परदेशच्या ट्रेनिंगला तुझंच नाव देते."

पुन्हा शांतता. मग बाई हसल्या. म्हणजे पलीकडे याने काहीतरी विनोद केला असणार.

टेलरबाईने मोबाइल उचलला. तिच्या तोंडात शिव्या तयार होत्या, ज्या तिने कधी गिऱ्हाइकालाही दिल्या नव्हत्या. ड्रायव्हरने तिचं मनगट धरलं. "नको," तो म्हणाला. "पोरगं तोंडावर पडेल."

"पडू दे की. तुम्ही पडलात त्याचं काय?"

ड्रायव्हरने पायाकडे बघितलं. वजनाची दोरी पायाला बांधलेली, आणि तो म्हणे चालायला लागला होता. मग म्हणाला, "गाडी बोलव. ऑपरेशन करून टाकू."

संध्याकाळी दवाखान्यात मुलाचा फोन आला. साहेबीण फार खडूस आहे, रजेचं नावच काढू देत नाही, असं सांगत होता. ड्रायव्हर हूं हूं करत राहिला. "राहू दे बाळा. नोकरी सांभाळ," म्हणाला आणि धाप लागली म्हणून फोन तिच्याकडे दिला. तिने तो तसाच बंद केला.

ऑपरेशन झालंच नाही. छाती भरली होती. डॉक्टर चिडूनच म्हणाले, इतके दिवस कुणाची वाट बघत होता? टेलरबाईने खाली बघितलं, जसं काही तिनेच उशीर केला होता. दोन रात्री ड्रायव्हरने नळीतून श्वास घेतला आणि तिसऱ्या दिवशी उजाडता उजाडता सोडला.

तिने मुलाला फोन केला. तो ढसाढसा रडला. खोटं नव्हतं ते रडणं, हाच तर राग होता. म्हणाला, पहिल्या विमानाने निघतो. नवऱ्याचे धुतलेले कपडे न्यायला ती घरी आली. कुलूप काढलं तर हॉल बोलत होता. त्या दिवशी ती घाईत निघाली होती, खोकी तशीच चालू राहिली होती.

"काय सांगतोस! कधी?" साहेबीणबाई म्हणत होत्या.

शांतता.

"अरे, पण तू तर म्हणाला होतास..." बाई थांबल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "असू दे. नीघ तू आधी. रजेचं काय विचारतोस?"

बस, एवढंच. एवढ्यात झाली रजा.

टेलरबाई पलंगापाशी उभी होती. पायथ्याची दोरी आणि वजन तिने उचलून कोपऱ्यात ठेवलं. गादीला ड्रायव्हरच्या पाठीचा खळगा पडला होता, तो तिने तळव्याने थापटून सारखा केला. मग जुनी चादर काढून तिने धुतलेली घातली. पोरगा इतक्या लांबून येणार, दमलेला असणार, आडवं व्हायला काहीतरी हवं.