खांदेमळणी

डोंगरकडा गावच्या किसनरावांचा उजवा हात गेल्या वर्षी अर्धांगवायूनं लुळावला. जीभ मात्र शाबूत राहिली, आणि घरच्यांना त्रास तिचाच जास्त होता. चहा गार, भाकरी जाड, उशी टणक. डॉक्टरांनी बजावलं होतं, हात रोज हलवा, नाहीतर कायमचा आखडेल. किसनराव म्हणायचे, गेलेल्या हाताला काय हलवायचं. त्यांना उठवणं, न्हाऊ घालणं, सदऱ्याची बाही चढवणं, सगळं त्यांची बायको नीलाबाई करायची. ती करते हे त्यांना आताशा दिसतही नव्हतं.

ती पोळ्याच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ होती. वर्षभर जू वाहिलेल्या बैलांच्या खांद्यांना लोणी-हळद चोळायची आणि उद्याच्या जेवणाचं आवतन द्यायचं, ही खांदेमळणीची रीत. किसनरावांचा गोठा रिकामा होता. करणारं कुणी उरलं नाही म्हणून दोन्ही बैल शेजारच्या जळबाकडे दिले होते. तरी रीत मोडू नये म्हणून नीलाबाईनं वाटीभर लोणी-हळद कालवली, बाजेवर किसनरावांच्या उजव्या हाताशी ठेवली आणि बाजेला पाठ टेकून ती खाली मुगाच्या शेंगा सोलत बसली.

केळीच्या बागेवरून गार वारा येत होता. किसनरावांचा डोळा लागला.

गोठा पुन्हा भरलेला. उन्हाचा पिवळा धूर सगळीकडे तरंगतोय, आणि त्यांचा बैल पवळ्या मान खाली घालून उभा आहे. किती ओढलं या जनावरानं, तेही मुकाट्यानं. किसनरावांचा ऊर भरून आला. ते त्याच्या खांद्याला चोळत राहिले, लोणी विरघळत गेलं, खांदा उबदार होत गेला.

"वर्सभर लई तकलीफ दिली तुला," ते पुटपुटले. "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या."

आपल्याच आवाजानं त्यांना जाग आली. पवळ्या कुठला? बोटांखाली नीलाबाईचा खांदा होता, पोलक्यावर पिवळा डाग पसरलेला. चोळत होता तो उजवा हात. बोटं जेमतेम सरकत होती, पण सरकत होती.

किसनराव ओशाळले. रोज सकाळी उठताना आपण सगळा भार ह्याच खांद्यावर टाकतो, हे त्यांना आत्ता कळलं. बैलाशी इतकं गोड बोलता येतं आणि हिच्याशी वर्षभरात एक शब्द धड बोललो नाही, याची त्यांना मनापासून लाज वाटली.

नीलाबाईनं वळून पाहिलं नाही. शेंगा सोलायचं तिनं केव्हाच थांबवलं होतं.

"आवतन बैलाला व्हतं का मला?" तिनं हळूच विचारलं.

"तुलाच," किसनराव म्हणाले. "उद्या आधी तू जेवायचं. वाढायला मी हाय."

तिनं शेंगांचं सूप बाजूला सारलं. मग पदरानं डोळे पुसत म्हणाली, "मंग थांबू नगा. डावा खांदा राह्यला."

डावा खांदा लांब होता. किसनरावांनी बोटं वाटीत बुडवली आणि वर्षभरात पहिल्यांदा, पुरते जागे असताना, उजवा हात आपणहून पुढं केला.