पट्ट्याखाली

“कापा की डॉक्टर, तुमचाच सुरा, तुमचीच मान,” कामावरचा जोडीदार हळूच म्हणाला.

कारखान्यात त्याला सगळे डॉक्टरच म्हणत. खडी वाहणारा रबरी पट्टा फाटला की त्याला बोलावणं यायचं. मग कडा खरवडायच्या, सोल्यूशन लावायचं, तापवून दाबून ठेवायचं. उभा जन्म यात गेला, कंबर कामातून गेली, आणि आता प्रयोगशाळेतून खऱ्याखुऱ्या डॉक्टरबाई नवा पट्टा घेऊन आल्या होत्या. हा म्हणे आपला आपणच जुळतो.

त्यानं सुरा चालवला. वीतभर चीर पडली. बाईंनी कडा एकमेकींना टेकवल्या आणि वर तापती पाटी ठेवली.

“आणि सोल्यूशन?” त्यानं विचारलं.

“काही लागत नाही. कापलं की रबराच्या आतल्या साखळीच्या कड्या सुटतात. ऊब मिळाली की त्या मोकळेपणानं हलायला लागतात, आणि गार होताना समोरच्या कडीत अडकतात. पुन्हा कापलं तरी पुन्हा जुळेल.”

“मजा आहे. आमच्या घरी एकदा गार झालं की कुणी जुळत नाही.”

बाई खळखळून हसल्या. खरं तर त्यांचा राग यायला हवा होता. पण रागावण्याचाही त्याला आता कंटाळा आला होता.

जेवणाच्या सुट्टीत जोडीदारानं त्याला कोपऱ्यात गाठलं. “तुम्ही चाललात निवृत्त व्हायला. माझ्या पोरी अजून शाळेत आहेत. नुसतं ‘कच्चा आहे’ म्हणा. तुमच्या शब्दापुढे इथे कुणी जात नाही. हा पट्टा परत गेला की आपलं खातं वाचलं.”

“बघतो,” तो म्हणाला. अर्धाच डबा खाऊन त्यानं झाकण लावलं.

दुपारी पाटी उचलली तेव्हा पट्टा गार झाला होता. त्यानं डोळे मिटून अंगठा फिरवला, नखानं कड शोधली, पट्टा वाकवून पाहिला. पुसटशी रेघ तेवढी उरली होती. जोडीदार त्याच्या तोंडाकडे बघत होता. त्याच्या पोरींना डॉक्टरनं अंगाखांद्यावर खेळवलं होतं. एक शब्द, बस. पण जीभ काही वळेना.

“पक्का आहे,” तो म्हणाला.

जोडीदारानं हातातलं फडकं खाली टाकलं आणि पाठ फिरवली.

पट्टा यंत्रावर चढवला. तिथला रिवाज असा, की जोडाची हमी देणाऱ्यानं पहिल्या फेरीला पट्ट्याखाली उभं राहायचं. हा जोड आपला नाही हे ध्यानात यायच्या आत तो सवयीनं खाली जाऊन उभाही राहिला.

“अहो, बाहेर या!” बाई ओरडल्या.

पट्टा खडी घेऊन डोक्यावरून घरघरत गेला. एक खडासुद्धा खाली आला नाही. आला असता तर बरं झालं असतं, असं त्याला वाटून गेलं आणि मग स्वतःचीच लाज वाटली.

सुटी झाल्यावर तो फाटकाशी बराच वेळ थांबला. जोडीदार केव्हाच निघून गेला होता.

घरी बायकोनं रोजच्यासारखे त्याच्या आणि जोडीदाराच्या चहाचे दोन कप मांडले होते. “आज एकटेच? भावजी कुठायत?”

“नाही येणार.”

“आज नाही, की...?”

त्याचे डोळे भरून आले. तिनं दुसरा कप उचलायला हात पुढे केला.

“असू दे,” तो म्हणाला. “ओत त्यातही.”