पड आणि पडीक

चुडामणभाऊ बोदवडहून परत आले तेव्हा डिझेलचा डबा रिकामा होता आणि तोंड मात्र भरलेलं होतं. चुडामणभाऊ म्हणजे माझे धाकटे दीर. पोळा नुकताच होऊन गेला होता. तिकडे आखातात काहीतरी पेटलं आणि इकडे बोदवडच्या पंपावर डब्यांची रांग लागली. माणसं लिंबाखाली बसत आणि रांगेत डबे उभे राहत. त्या लिंबाखाली चुडामणभाऊंना कोणीतरी सांगितलं, की डिझेल आता झाडाला लागणार आहे.

"झाडाले?" मी विचारलं.

"झाडाले, वयनी. चंद्रज्योत नाव हाये त्याचं. बियाचं तेल काढा, इंजिनात टाका, की इंजिन सुरू."

मी भाकर थापली होती, ती हातावरच राहिली. मला जन्माची खोड आहे, एखादी गोष्ट कळली नाही की तवा जळो की दूध उतू जावो.

बेबाबाई ओसरीवर मूग पाखडत होती. आमच्या शेतात ती वर्षानुवर्षं कामाला आहे, आणि बोलायलाही.

"झाडाले डिझेल लागीन," ती म्हणाली, "तं मंग माही शेयी रॉकेल देईन का वं, कुंदाबाई?"

बेबाबाईच्या तोंडी शेळीची शेयी होते. आमच्याकडे बहुतेकांच्या होते. लिहिताना मी सांभाळते एवढंच.

"हास तू," चुडामणभाऊ म्हणाले. "जळगावची संस्था रोपं फुकट देऊन राह्यली. बी पन तेच विकत घेतीन. फक्त जमीन पडीक पाह्यजे."

"आपली पडीक कोनती?"

"नाल्याकाठचं कायं वावर. पडच हाये ना ते आता?"

हातावरची भाकर मी परातीत ठेवून दिली.

ज्यांच्याकडे अशी जमीन नाही त्यांच्यासाठी सांगते. नाल्याकाठचं काळं वावर आम्ही पावसाळाभर पड ठेवतो. त्यात बी टाकत नाही, नुसतं वखर फिरवत राहतो. बाहेरच्याला वाटतं, काय ही आळशी माणसं! पण ते वावर रिकामं नसतं, पाणी पीत असतं. चार महिने पितं, आणि पाऊस सरला की त्यात दादर पेरायची. दादर म्हणजे आमची रब्बीची पांढरी ज्वारी. वरून थेंब न पडता ती त्या प्यालेल्या पाण्यावर हिवाळा काढते. घरातली वर्षाची भाकर त्यातून निघते, बैलांचा कडबा त्यातून निघतो, आणि सोंगणीला, म्हणजे कापणीला, येणाऱ्या बायांची मजुरीही आम्ही त्याच दादरीतून देतो. पड म्हणजे दम खात बसलेलं वावर. पडीक म्हणजे ज्याच्यात दमच उरला नाही ते. शब्दांत एका अक्षराचं अंतर, पण बोदवडच्या लिंबाखाली ते अक्षर कुठेतरी पडून गेलं होतं.

मी घरच्यांकडे, म्हणजे माझ्या नवऱ्याकडे, शालिग्राम पाटलांकडे पाहिलं. ते बोलतात कमी, आणि बोललेलं मागे घेत नाहीत. त्यामुळे त्यांनी तोंड उघडलं की मला जरा भीतीच वाटते.

"विहिरीवरचं इंजिन चालवून दाखव," ते धाकट्या भावाला म्हणाले. "चाललं तं वावर तुह्या झाडाले. नही चाललं तं दादर."

झालं. इतक्या चांगल्या वावराचा निकाल इंजिनावर सोपवला.

मला राग यायला हवा होता. आलाही. पण रागाच्या शेजारी दुसरंच काहीतरी येऊन बसलं होतं. खरंच चालेल का? झाडाच्या तेलावर, ते लोखंडाचं धूड? वावर जाऊ नये म्हणून मी देवाला हात जोडायचे, आणि जोडलेल्या हातांनीच मनात म्हणायचे, पण एकदा बघायला तरी मिळू दे रे बाबा.

चार दिवसांनी चुडामणभाऊंनी नमुन्याचं रोप आणलं. काळ्या पिशवीत, जपून, लेकीला माहेरी आणावं तसं. ओट्यावर ठेवलं. आम्ही सगळे भोवती जमलो. तेवढ्यात बेबाबाईची शेळी आली. ही शेळी म्हणजे दोरीवरचं धोतर चावून खाणारी. तिनं रोपाचा वास घेतला, मान झटकली आणि चालती झाली.

बेबाबाई पुढे वाकली. पान उलटं करून पाहिलं. देठ मोडून पाहिला, त्यातून चीक आला.

"अवो माय," ती म्हणाली, "हा तं मोगली एरंड!"

आणि तो मोगली एरंडच होता. त्याच काळ्या वावराच्या बांधावर आमच्या सासऱ्यांनी कुंपणाला लावलेला. शेळी तोंड लावत नाही म्हणूनच लावलेला. पोरं त्याच्या चिकाचे फुगे फुंकतात, आणि एखाद्यानं चुकून बी खाल्लं तर दिवसभर ओकत बसतो.

"चंद्रज्योत म्हने!" बेबाबाईला हसू आवरेना. "बाईचं सासरी गेल्यावर नाव बदलते ना, तसं झालं याचं. माहेरची मोगली, सासरची चंद्रज्योत!"

चुडामणभाऊंचा चेहरा एवढासा झाला. मला त्यांची कीव आली. माणूस चंद्र आणायला गेला आणि स्वतःच्या बांधावरून काडी घेऊन आला. पण हसता हसता मला एकदम सुचलं.

"चुडामणभाऊ," मी म्हटलं, "हेच झाड असंन, तं रोपाची वाट कायले पाह्याची? बांधावर बोंडं पिकलेली हायेत. उद्याच तोडू."

ते माझ्याकडे बघतच राहिले. "वयनी, तुम्ही कोनाकडून?"

खरं सांगायचं तर ते मलाही ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघांनी बांध झोडपला. चुडामणभाऊ, मी आणि बेबाबाई. काळी, वाळकी बोंडं फोडून पत्र्याचा डबा बियांनी भरला. तो डोक्यावर घेऊन चुडामणभाऊ रुपचंदच्या तेलाच्या घाण्यावर गेले आणि तसेच परत आले. रुपचंदनं डब्यात डोकावलं आणि दोन्ही हात जोडले म्हणे. "भाऊ, या घान्याचं तेल लोकाइच्या पोटात जाते. यात जहर पिळलं तं मी धुऊ कसं?"

खरं होतं त्याचं. मग मी माझ्या आईची रीत काढली. ती दिव्यासाठी एरंडेल घरीच काढायची. बी भाजायचं, कुटायचं, पाण्यात उकळायचं, वर येणारं तेल निथळून घ्यायचं. स्वयंपाकाचं एकही भांडं मी त्याला लावलं नाही. गोठ्यामागे तीन दगडांची चूल मांडली, फुटकं उखळ घेतलं, गुरांच्या पेंडीचं जुनं घमेलं घेतलं. दिवसभर धूर खाल्ला. वास असा, की आळीतल्या बाया नाकाला पदर लावून विचारायला यायच्या, काय जळलं?

"काही नही," बेबाबाई सांगायची, "इंजिनचा सयपाक चालू हाये."

एवढ्या डबाभर बियांतून तेल निघालं दोन बाटल्या. पिवळं, सुंदर, अगदी तीळतेलासारखं. चुडामणभाऊ बाटली उन्हात धरून बघत राहिले. त्या वेळी त्यांच्या तोंडावर जे होतं ते मी कधी विसरणार नाही. पैशाचा लोभ नव्हता तो. रांगेत डबा ठेवून दिवसभर बसावं लागलेल्या माणसाचा आनंद होता.

विहिरीवर अर्धं गाव जमलं. आधी टाकीच्या तळाशी उरलेल्या डिझेलवर, हँडल मारून इंजिन सुरू केलं, गरम होऊ दिलं. मग नळी काढून बाटलीत बुडवली. इंजिनानं एक ठोका चुकवला. माझ्याही छातीनं चुकवला. पांढरा धूर निघाला, कोणी भजी तळत असावं तसा वास सुटला, आणि मग, टुक टुक टुक टुक, चालायला लागलं ते!

मी टाळ्या वाजवल्या. गावातल्या पुरुषांसमोर, डोक्यावरचा पदर पडलेला, मी टाळ्या वाजवत होते. पाइपातून पाणी धडधडत आलं. चुडामणभाऊ भावाच्या पाया पडले, मग माझ्या, मग चुकून इंजिनालाही हात लावून नमस्कार केला आणि हात भाजून घेतला.

मग माझे हात थांबले. पाणी पाटातून वाकडंतिकडं धावत काळ्या वावराकडे निघालं होतं, आणि मला आठवलं की इंजिन चाललंय. म्हणजे वावर गेलं.

बेबाबाई पाटाच्या कडेला उभी होती. "चुडामनभाऊ, येवढं पानी कोनाले पाजनार?"

"चंद्रज्योतीले. पह्यलं साल पाजा लागते."

"अन् तिचं तेल?"

"इंजिनाले."

"अन् इंजिन?"

"पानी काढीन."

"मंग तुमी मधी कायले उभे?"

सगळे खो खो हसले. चुडामणभाऊही हसले, पण ते काही मूर्ख नाहीत. "सगळं तेल आपन थोडंच जाळनार? बी विकू. संस्था घेईन. त्या पैशाची जवारी आनू."

"तुमी आनसान," बेबाबाई म्हणाली. तिचं हसू अजून ओठांवर होतं, पण आवाज खाली आला होता. तिनं पदर दोन्ही हातांनी पसरला, सोंगणीच्या शेवटच्या दिवशी पसरते तसा. "माहं काय? दादर सोंगली की यात जवारी पडते. तेल कशात घेऊ? पदरात?"

इंजिन तेवढं टुकटुकत राहिलं, आणि बाटली संपल्यावर तेही गप्प झालं.

मी घरच्यांकडे पाहिलं. ते नजर चुकवत होते. शब्द दिलेला होता.

दोन दिवसांनी संस्थेचे मगनराव ट्रॉलीभर रोपं घेऊन आले. चांगला माणूस, चपला बांधावर काढून मग वावरात उतरणारा. इंजिन चालल्याचं ऐकून त्यांना इतका आनंद झाला, की आधी त्यांना गोठ्यामागची चूल दाखवावी लागली. मग ते काळ्या वावराच्या बांधावर उभे राहिले. वखरलेलं, साफ, गवताची काडी नसलेलं वावर.

"हीच का पडीक?" त्यांनी विचारलं.

"हो," चुडामणभाऊ म्हणाले. "हीच. पडच हाये."

पड वेगळी, पडीक वेगळी, हे माझ्या ओठांवर आलं होतं. पण ज्या इंजिनासाठी मी टाळ्या वाजवल्या त्याचा शब्द मी कोणत्या तोंडानं मोडू?

"पहिला खड्डा तुमच्या हातानं," मगनराव म्हणाले.

चुडामणभाऊंनी कुदळ घेतली. वरची माती भुरभुरीत, करडी झाली होती. दोन घाव घातले. खालून माती निघाली ती काळीभोर, ओली, लोण्यासारखी. ते खाली वाकले. एक ढेकूळ उचललं. मुठीत दाबलं, मूठ उघडली, गोळा झाला. अंगठ्यानं टोचलं, गोळा अलगद फुटला. पेरणीजोगी ओल झाली का ते पाहायला, लहानपणापासून दर वर्षी याच दिवसांत ते हेच करत आले आहेत. आणि हाताबरोबर तोंडही आपसूक चाललं.

"वयनी," ते माझ्याकडे न बघताच म्हणाले, "वाफसा आला वं. दादरीचं बी काढलं का?"

आणि मग त्यांना स्वतःचं ऐकू आलं.

बांधावर बेबाबाई, ट्रॉलीजवळ मगनराव, मधे आम्ही. मला हसू येत होतं आणि डोळ्यांत पाणीही. मी म्हटलं, "काढलेलं हाये. राखेत ठेवलेलं. तुमच्या हातची वाट पाहून राह्यलं."

ती माती हातात घेऊनच ते खाली बसले. मग भावाकडे बघितलं.

"भाऊ, इंजिन चाललं ना?"

"चाललं," शालिग्राम पाटील म्हणाले. "वावर तुह्यं."

"माह्यं ना? मंग मी दादर पेरतो."

मगनरावांना काही कळेना. "अहो पण जमीन पडीक म्हणालात ना?"

"पड म्हनालो, साहेब," चुडामणभाऊ उठत म्हणाले, आणि त्या एका अक्षराचं सगळं ओझं त्यांनी स्वतःवर घेतलं. "पडीक तिकडे हाये. चला, दाखवतो." आणि ते त्यांना टेकडीच्या बरडाकडे घेऊन गेले, जिथे कुसळाशिवाय काही उगवत नाही.

रोपं तिकडेच लागली. काही बांधाच्या खिंडारांतही. बरडावरची निम्मी जगली, निम्मी गेली. पाणी तिथवर कोण नेणार? जी जगली त्यांना बोंडं धरायला वेळ लागला, आणि तोवर पंपावरची रांगही मोडली होती. मगनराव अधूनमधून येत, झाडं बघत, चहा घेत. टेकडीवर जरा खत-पाणी दिलं असतं तर, असं म्हणत. मीही म्हणत असे, हो ना. कारण मला अजूनही उत्सुकता आहे. ज्यांच्याकडे नुसतं बरडच आहे त्यांनी काय करावं? आणि आमच्या मळणीच्या यंत्राला लागणारं डिझेल कोणाच्या तरी वावरातूनच येणार असेल, तर ते वावर पड आहे की पडीक, हे कोण विचारणार?

त्या हिवाळ्यात दादर डोक्याएवढी झाली. सोंगणीच्या शेवटच्या दिवशी बेबाबाई पदर पसरून चुडामणभाऊंसमोर उभी राहिली.

"टाका," ती म्हणाली. "जवारी हाये का डिझेल, ते पाहूनच बांधते मी."

चुडामणभाऊंनी भरलेलं सूप उचललं, आणि पदर जमिनीला टेकेपर्यंत ओतत राहिले.

"पुरे, भाऊ," बेबाबाई म्हणाली, "उठता नही येनार मले."

"बस मंग तिथीच," ते म्हणाले. "इंजिन लावून उचलतो तुले."