चावी फिरवायच्या आधी

म्हातारी म्हणा, खुशाल म्हणा. पण खटारा म्हणायचं नाही. त्या शब्दाला मी ओ देत नाही. मी गाडी बोलतेय. लाल, दोन दारांची, बुटकी, जमिनीला पोट घासेल इतकी खाली बसलेली. दोन लाख किलोमीटरांच्या वर धावून झालंय, आणि तरीही चढावर पाय दाबलात तर तुमची पाठ सीटला चिकटवीन. लावायची असेल तर लावा पैज.

माझा सगळा तोरा एका वस्तूत आहे. इंजिनाच्या कुशीत मुठीएवढा एक पंखा आहे, त्याला टर्बो म्हणतात. बाकीच्या गाड्या आपला धूर मागच्या मागे सोडून मोकळ्या होतात. मी तोच धूर या पंख्यावर घेते. पंखा भणभणत फिरतो आणि इंजिनात वारा ठासून भरतो. म्हणून माझं अंग लहान आणि बळ मोठं. पण जोरात पळून आलं की हा पंखा निखाऱ्यासारखा लाल होतो. त्या वेळी माणसानं फक्त गप्प बसायचं असतं. गाडी उभी करायची, इंजिन चालू ठेवायचं, जरा थांबायचं. तेल फिरत राहतं, पंखा निवतो. मग चावी फिरवायची. जन्मभर माणसांकडे मी एवढंच मागितलं. माणसांना पळणं जमतं हो; थांबायचं म्हटलं की त्यांना घाम फुटतो.

माझे पहिले मालक दातांचे डॉक्टर होते. दिवसभर लोकांच्या जबड्यांत डोकावून आले की मला घेऊन गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर जायचे. परत आल्यावर दाराशी इंजिन चालू ठेवून डोळे मिटून बसायचे. बायको खिडकीतून ओरडायची, "अहो, आत या की! तिच्याशीच संसार मांडलाय का?"

"आलो, आलो. हिचा श्वास खाली बसू दे."

पुढे त्यांची कंबर धरली. इतक्या खाली बसणं आणि उठणं जमेना. मला विकून निघताना त्यांनी माझ्या छतावर दोनदा थोपटलं आणि मागे वळून पाहिलं नाही. बरं केलं. मला रडणारी माणसं सोसत नाहीत.

दुसरा आला तो एका कंत्राटदाराचा लाडका मुलगा. मी मनातल्या मनात त्याला घाईराव म्हणायची. वाऱ्यासारखा यायचा, करकचून ब्रेक, खट् चावी, धाडकन दार, की गेला. आत माझा पंखा लाल, आणि त्याच्याभोवतीचं तेल जागच्या जागी करपायचं. रोज. मी ठणठणायची, टकटकायची, तापल्या लोखंडाचा वास सोडायची. तो म्हणायचा, "काय मस्त आवाज आहे!" गाढवाला कण्हणं आणि गाणं यातला फरक कळत नव्हता.

पंख्याच्या दांड्याला तेल अडवणारी कडी असते. ती झिजली. पळून येऊन उभी राहिले की तेल हळूहळू गळायचं, जळायचं, आणि माझ्या मागून निळा धूर निघायचा. घाईरावाला तो कधी दिसला नाही, कारण तो थांबतच नव्हता. एकदा त्याच्या मित्रानं मला चालू ठेवून उभी केली, त्याला दिसला. त्याच आठवड्यात मी विकली गेले.

तिथून मी पॉलिशशेठच्या आवारात आले. जुन्या गाड्या घ्यायच्या, चमकवायच्या, खपवायच्या, हा त्यांचा धंदा. मला नीट तपासायला घटकाभर वेळ दिला नाही. पुसायला मात्र अख्खा दिवस. चाकांना काळा रंग, सीटांना सुगंध, इंजिनात दाट तेल, म्हणजे धूर जरा दबून राहावा. गिऱ्हाईक यायच्या आधी मला चालू करून गरम ठेवायचे; थंड असताना मी खोकते ते कुणाला कळू नये. आणि त्यांची मुख्य करामत शेवटी. गिऱ्हाईक चक्कर मारून आलं रे आलं की शेठ खिडकीतून हात आत घालून स्वतःच चावी फिरवायचे. "वा! घामही आला नाही बघा गाडीला!" धूर पोटातच राहायचा.

तरी मी खपले नाही. किलोमीटरांचा आकडा बघूनच माणसं नाकं मुरडत. शेवटी एका सकाळी भंगारवाला आला. मोठ्या पोटाचा, कानावर खडू अडकवलेला. माझ्याभोवती एक फेरी मारली आणि खडूनं खुणा केल्या: दारांवर फुल्या, बॉनेटवर गोल, चाकांवर रेघा. जे जे कापून विकता येईल त्याच्यावर.

"आज एक बाई यायच्यात," शेठ म्हणाले. "घेतली तर घेतली, नाहीतर गाडी तुझी."

"मग बसतो की. चहा सांगा," भंगारवाला म्हणाला आणि पत्र्याच्या सावलीत खुर्ची ओढून माझ्यासमोरच बसला. कान कोरत.

बाई यायच्या आधी शेठनी खुणा पुसल्या, पण बॉनेटवरचा गोल पुसटसा राहिलाच.

बाई आल्या दुपारी. पन्नाशीच्या पुढच्या, केस घट्ट बांधलेले, पायात सपाट चपला. सोबत थोरला भाऊ, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेला, काखेत छत्री. त्यांच्या बोलण्यातूनच मला सगळं कळलं. बाई गाडी शिकवण्याच्या शाळेत शिकवायच्या. तिथल्या गाडीत शेजारच्या सीटखाली दुसरा ब्रेक असतो. सगळा जन्म त्यांनी त्या ब्रेकवर पाय ठेवून काढला होता. शिकणारी पोरं त्यांना ब्रेकबाई म्हणायची. आता शाळा बंद झाली होती आणि जाताना हातात एकरकमी पैसे आले होते.

"अगं, या वयात पंख फुटलेत का तुला?" दादा म्हणाला. "साधी गाडी घे. भाजी आणायला, दवाखान्यात जायला. ही घेतलीस आणि बिघडली तर दुसरी घ्यायला पैसे नाहीत तुझ्याकडे."

"माहितेय दादा. म्हणून तर नीट बघून घेतेय."

"बघून म्हणजे? तुला गाडीतलं काय कळतं?"

"गाडीतलं नाही कळत. गाडी चालवणाऱ्यांचं सगळं कळतं."

त्यांनी माझं दार उघडलं आणि चालकाच्या सीटवर बसल्या. क्षणभर नुसत्या बसल्या. मग उजव्या-डाव्या पायांनी जमिनीवर काहीतरी चाचपलं. तो दुसरा ब्रेक शोधत होत्या, सवयीनं. नव्हता तो. गालातल्या गालात हसल्या आणि म्हणाल्या, "चला, आता माझी पाळी."

त्या क्षणी मी ठरवलं. हिच्याकडेच जायचं. काहीही झालं तरी.

आम्ही निघालो. दादा शेजारी, छत्री गुडघ्यांत धरून. वस्तीत त्यांनी मला इतकं हळू चालवलं की एक सायकलवाला घंटी वाजवून पुढे गेला. मोठ्या पुलाचा चढ लागला तशी त्यांची बोटं स्टिअरिंगच्या चाकावर आवळली. पाय दाबला. पंखा भणभणला, मी नाक वर केलं आणि सुटले!

"अगं! अगं ए! हळू!" दादाचा पाय समोर नसलेला ब्रेक दाबत होता.

बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं का वारा, मला सांगता यायचं नाही. पुलाच्या माथ्यावर एकच म्हणाल्या, "इतकी वर्षं मी हे दुसऱ्यांना शिकवत होते."

परतीच्या वाटेवर माझा जीव थाऱ्यावर नव्हता. पंखा लालबुंद, कडी झिजलेली, आणि आवारात मागे पिवळी भिंत: धूर निघाला तर लपायला जागा नाही. शेठच्या हातावर माझी सगळी आशा. लबाड हात, पण आज तोच मला तारणार होता.

आवारात शिरलो. बाईंनी मला भिंतीला पाठ करून उभी केली. शेठ धावत आले, हात खिडकीतून आत. "वा! बघा, घामही—"

चटकन बाईंनी त्यांच्या मनगटावर चापट मारली. "चालू गाडीत हात घालायचा नाही! कुणी शिकवलं तुम्हाला?"

शेठ शाळेतल्या पोरासारखे मागे सरले. "नाही, म्हणजे... बंद करा ना ताई. पेट्रोल जळतंय."

"करीन. सवय आहे माझी. नव्या पोरांचे हात थरथरतात हो चालवून आल्यावर. त्यांना सांगते, आधी थांब, श्वास घे, आरशात बघ, मग चावी." त्यांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. थरथरत होते. "आज मलाच सांगायची वेळ आली."

आणि त्या थांबल्या.

अहो, ज्या थांबण्यासाठी मी घाईरावाच्या दारात रोज ठणाणा केला, ते आज समोरून चालत आलं, आणि मी मनात ओरडत होते: बाई, बंद कर! आज नको थांबूस! उद्यापासून थांब, जन्मभर थांब, आज तेवढी चावी फिरव! श्वास कोंडता आला असता तर कोंडला असता. पण गळणारं तेल माझं ऐकत नाही. आधी एक बारीक धागा निघाला. मग दोरी. मग लोट.

बाई आरशात बघत होत्या. पिवळी भिंत निळी झाली, आणि मग दिसेनाशीच झाली.

"वाफ आहे ताई," शेठ म्हणाले. "दमट हवा."

"निळी वाफ?" दादा म्हणाला. "मी गणिताचा मास्तर आहे शेठ, गाढव नाही. उतर गं. चल घरी."

पत्र्याच्या सावलीतून भंगारवाला हसत उठला. कानावरचा खडू हातात घेतला. "सांगितलं नव्हतं शेठ? टर्बो गेलाय. ही कापायच्याच लायकीची. माझा भाव तोच, सकाळचा."

खडूचं टोक बॉनेटवरच्या त्या पुसट गोलावर टेकलं. मी डोळे मिटले. मला दिवे आहेत, पापण्या नाहीत, तरी मिटले.

"किती होता हो सकाळचा भाव?" बाईंनी बसल्या जागेवरूनच विचारलं.

भंगारवाल्यानं सांगितला. शेठनी जाहिरातीत टाकलेल्या आकड्याच्या निम्माही नव्हता.

बाई दादाकडे वळून म्हणाल्या, "दादा, मी सगळे पैसे घालून ही घेतली असती आणि महिन्याभरात हा धूर निघाला असता, तर दुरुस्तीला दमडी उरली नसती ना?"

"नसतीच."

"आणि त्या भावात घेतली, तर टर्बो नवा बसून वर थोडे उरतील ना?"

दादानं बोटांवर काहीतरी मोजलं आणि नाइलाजानं मान हलवली.

"शेठ, हे देतात तेवढेच मी देते."

"ताई, असं कसं? हा भंगाराचा भाव आहे! मी काय धर्मशाळा उघडलीय? उतरा खाली, बंद करा ती गाडी."

तेवढ्यात फाटकातून एक कुटुंब आत आलं: नवरा, बायको, आजी, सगळे पलीकडची पांढरी गाडी बघायला. आजीनं पदर नाकाला लावला आणि खोकत विचारलं, "इथल्या सगळ्याच गाड्या अशा पेटतात का?"

शेठच्या तोंडचं पाणी पळालं. "ताई, पाया पडतो, बंद करा!"

"करते की. भाव सांगा, मग बंद करते." बाईंनी सीटचा पट्टा आणखी ओढून घेतला. "मला घाई नाही. थांबायचा पगार घेत आलेय मी आजवर."

आता खोटं कशाला बोलू, मीही हात राखला नाही. उरलंसुरलं सगळं तेल जाळलं. असला लोट काढला की भंगारवाला खडू टाकून फाटकाबाहेर पळाला, आणि पांढरी गाडी बघायला आलेला नवरा पुन्हा बाहेर निघाला.

"दिली! दिली म्हणतो ना! घेऊन जा तुमची आगगाडी!"

खट्. चावी फिरली. धूर हळूहळू वर गेला. दादा छत्रीनं वारा घालत होता.

नंतर बरेच दिवस मी कारागिराच्या जागेत, उघडलेल्या छातीनं उभी होते. पंखा काढून बाजूच्या फळीवर ठेवलेला. दांडा काळा, कडी झिजून सुरीसारखी. बाई रोज येऊन बघून जायच्या. एक दिवस ओल्या फडक्यानं बॉनेटवरचा गोल घासून घासून काढला. कुणी सांगितलं नव्हतं.

तुमच्याही दारात एखादी जुनी गाडी असेल. किंवा एखादं माणूस, दिवसभर तुमच्यासाठी पळून आलेलं. त्याला पटकन बंद करून दार आपटून जाऊ नका. शेजारी बसा जरा. काय गळतंय ते आधी बघा. मग ठेवा नावं.

आज नवा पंखा बसला. आज आम्ही पुलावर जाऊन आलोय. दादा शेजारी होता; त्याचा पाय अजून दुखतोय, ब्रेक नसलेल्या जागी दाबून दाबून. आत्ता घराच्या भिंतीला पाठ करून उभे आहोत. इंजिन चालू.

"अगं, बंद कर ना. पेट्रोल जळतंय," दादा म्हणतोय.

"जळू दे."

बाई आरशात बघताहेत. मीही सगळं अंग आवळून उभी आहे. एक श्वास. आणखी एक. पंखा निवतोय, कळतंय मला. आरशात भिंत दिसतेय. तिच्यावरचा पोपडा उडालेला कोपरा, खिळ्याला टांगलेली रिकामी कुंडी, सगळं स्वच्छ. अजून भिंतच दिसतेय.

फिरव आता चावी, बाई. माझा श्वास खाली बसला.