सोजराबाईंचा हवापालट

उरणच्या बेटावर मिठागरात वीस वर्षे कारकुनी केल्यावर अर्जुनरावांना डॉक्टरांनी हवापालट सांगितला, तेव्हा त्यांनी चिंचवड निवडले. तिथे इतिहास होता, पवनेचा घाट होता आणि सख्खी मावशी होती. इतिहास आणि मावशी, दोघांकडेही राहायला भाडे पडत नाही.

खरी गरज सोजराबाईंना होती, पण डॉक्टरांनी नाडी नवऱ्याची पाहिली. लग्नाला तीस वर्षे झाली. बाळंतपणे सोडली तर त्यांची चूल सुटली नव्हती. मोरा बंदराच्या धक्क्यावर लाँचमध्ये पाय ठेवताना त्यांनी देवाकडे एकच मागितले. आठ दिवस कोणीतरी आपल्यापुढे वाढलेले ताट ठेवावे. एवढे स्वस्तातले मागणे देवाने कधी ऐकले नसेल.

याही खेपेला ऐकले नाही. चिंचवडात पोचून हातपाय धुताच सावित्रीमावशींची सून विमलबाई म्हणाली, "सोजरावहिनी, तुमच्या हातचं नारळाचं कालवण खाल्लंच पायजे. आमाला कुठलं येतंय तसं!" झाले, पाहुणीचा मान म्हणून चुलीपुढची जागा मिळाली. विमलबाईचा नवरा यशवंतराव पिंपरीच्या नव्या कारखान्यात लागला होता. त्याच्या शिफ्टसाठी पहाटेच भाकऱ्या थापायच्या. अर्जुनराव घाटावर बसून येईल त्याला इतिहास सांगत आणि ऐकणाऱ्यांना घरी जेवायला आणत. नाहीतर ऐकणार कोण? तिसऱ्या दिवशी पंगतीला चौदा पाने होती.

"किती निवांत वाटतंय नाही इथे?" अर्जुनराव ढेकर देत म्हणाले.

सोजराबाईंच्या मस्तकात तिडीक गेली. त्यांनी पळी खाली ठेवली, परसदारी जाऊन बसल्या आणि तिथूनच विमलबाईला ओरडून सांगितले, "मला कावळा शिवला गं!"

सगळे घर एक पाऊल मागे सरले. सावित्रीमावशींकडे शिवाशिव मोठी कडक. चौथ्या दिवशी न्हाणे होईपर्यंत बाईने चुलीकडे बघायचेसुद्धा नाही. वास्तविक त्या कावळ्याने दोन वर्षांपूर्वीच सोजराबाईंचे अंगण कायमचे सोडले होते. अर्जुनरावांना याचा पत्ता नव्हता. त्यांना लढायांच्या तिथ्या तोंडपाठ होत्या, आणि बायकोची तिथी काही बखरीत लिहिलेली नसते.

मग सुख सुरू झाले. परसातल्या पडवीत घोंगडी आली, पाण्याचा तांब्या आला, दोन्ही वेळा दुरून सरकवलेले ताट आले. भाकरी करपलेली आणि कालवण अळणी, पण दुसऱ्या कोणी केलेले! पहिला घास घेताना सोजराबाईंच्या डोळ्यांत पाणी आले. देवाच्या गावात खोटे बोललो याची धाकधूकही वाटली, पण जेवल्यावर झोप इतकी गाढ लागली की धाकधूक राहूनच गेली.

आत विमलबाईने एका दिवसात पंगत आटोपली. "भावजी, घाटावरचं घाटावरच ऱ्हाऊ द्या," तिने तोंडावर सांगितले. जेवण बंद होताच अर्जुनरावांचे श्रोते इतिहासातून उठून गेले.

पडवीतल्या चौथ्या दिवशी सकाळी न्याहारी घेऊन खुद्द सावित्रीमावशी आल्या. ताट न सरकवता त्यांनी ते सोजराबाईंच्या हातातच दिले.

"अहो मावशी, शिवलात ना मला!"

"शिवायला काय झालंय?" मावशी शेजारीच टेकल्या. "गेल्या साली भावकीतल्या रंगरावाच्या लग्नात तूच म्हनाली व्हतीस, मावशी, वरीस झालं, सुटले बाई एकदाची. इसरलीस व्हय?"

सोजराबाईंची मान खाली गेली. आता घरभर शोभा होणार, नवऱ्याला कळणार आणि दुपारच्या भाकऱ्या आपल्याच गळ्यात येणार, हे त्यांना स्पष्ट दिसले.

"आज न्हाऊ नगंस," मावशी हळूच म्हणाल्या. "लांबलंय म्हनून घरात सांगते मी. गावी जाईस्तवर बस इथंच."

"तुम्हाला राग नाही आला, मावशी?"

"आला तर! रातभर डोळा न्हाई लागला." मावशींनी सोजराबाईंच्याच ताटातला भाकरीचा तुकडा मोडला. "पन्नास वर्सं या घरात समद्या बायांवर पहारा केला मी. सुना बसवल्या, लेकी बसवल्या. आपनबी एकडाव खोटा कावळा सांगून पडावं, हे काय मला सुचलं न्हाई. आता सत्तरीत सांगाया गेले, तर कोन खरं मानंल गं?"