निळ्या रेघांचा नकाशा

मित्रांनो, मी एक जुना नकाशा आहे. गावात घरं कुठे बांधायची आणि कुठली जागा मोकळी सोडायची, हे सांगणारा. सध्या नगरपालिकेच्या अडगळीच्या खोलीत, मोडक्या खुर्च्यांमागे गुंडाळून उभा आहे. माझ्या मनात राग आहे आणि तो मी लपवणार नाही.

एका म्हाताऱ्या आरेखकाने सारं गाव पायी पालथं घालून मला काढलं. घरांना पिवळा रंग दिला, मोकळ्या जागांना हिरवा. नदीकाठच्या खोलगट हिरव्या पट्ट्यावर त्याने तिरप्या निळ्या रेघा ओढल्या आणि कोपऱ्यातल्या सूचीत त्यांचा अर्थ लिहिला, 'पुराचे पाणी साठण्याची जागा. बांधकाम नको.' मग मी सभागृहात लागलो. पाहुणे माझं तोंडभर कौतुक करत, माझ्यासमोर फोटो काढून घेत. पुढे नगरपालिकेला बक्षिसाच्या ढाली मिळाल्या आणि त्यांचं कपाट नेमकं माझ्या सूचीपुढे आलं. कुणाचं काही अडलं नाही.

एका निवडणुकीत शिंपीदादा निवडून आला. माणूस सरळ. कोंदट खोल्यांत राहणाऱ्यांना घरं मिळावीत, हा त्याचा ध्यास. त्यांत त्याची धाकटी बहीणही होती. मला तो आवडायचा. भर सभेत त्या पट्ट्यावर बोट फिरवत तो म्हणाला, "ही जागा घरांना द्या. आणि या निळ्या रेघा बघा! पाण्याची लाइन आधीच टाकलेली आहे."

"सूचीत बघायचं का एकदा?" कारकूनबाईंनी विचारलं.

"आता ते कपाट कोण हलवणार, बाई?" अध्यक्ष म्हणाले. सगळे हसले. सगळ्यांनी हात वर केले आणि माझ्या हिरव्यावर पिवळा रंग चढला.

तिसऱ्या वर्षी नदी फुगली. त्या पट्ट्यावर बांधलेल्या बहिणीच्या नव्या घरात पाणी खिडकीपर्यंत चढलं. जीव वाचले, पण संसार गेला. भिजलेली माणसं सभागृहातच आणून बसवली होती. कडेवरच्या लेकीचं डोकं पुसत बहीण म्हणाली, "दादा, पाण्याची सोय आहे म्हणाला होतास ना?"

शिंपीदादाने एकट्याने कपाट सरकवलं. सूची दोनदा वाचली. मला वाटलं, आता तरी हा बोलेल. पुढच्या सभेत अध्यक्षांनी सांगून टाकलं, "नकाशाच सदोष होता." मला भिंतीवरून उतरवताना एक टोक दादानेच धरलं होतं.

मित्रांनो, उद्या तुमच्यातलं कुणी सभागृहातल्या खुर्च्यांवर बसेल. नुसतं मन चांगलं असून भागत नाही. आधी जमीन वाचायला शिका. कळलं नाही तर विचारा, त्यात कसला आलाय कमीपणा?

परवा कारकूनबाई इथे खुर्ची शोधायला आल्या होत्या. माझ्या जागी नवा, गुळगुळीत नकाशा लागला आहे म्हणे. त्यात तो पट्टा अजून पिवळाच आहे, आणि बहिणीने घराच्या भिंती पुन्हा रंगवायला काढल्या आहेत.